कॉम्प्युटर चालू होईपर्यंत

पुलाच्या मधोमध आलो आणि वहिनीनं पिशवीचा तिच्या बाजूचा बंद सोडून दिला. सगळं वजन माझ्या हातावर आलं, मी एका अंगानं कलले आणि कठड्याला टेकले.

"अगं, सांगून तरी सोड!"

"हात बदलायचाय." तिनं तळहात उघडून बघितला. बंदाचा लाल वळ उठला होता. बोटं दोनदा झाडली, दुसऱ्या हातानं बंद उचलला आणि मी सावरायच्या आत चालायला लागली.

"आता तरी गाडी करू या गं. निदान बस."

"बस नाही, काही नाही. चालतच न्यायचा. बघू दे सगळ्यांना."

आणि लोक बघतच होते. साठी ओलांडलेली मी, पन्नाशीला टेकलेली ती, मधे गोणपाटाच्या पिशवीत कॉम्प्युटरचा काळा डबा, आणि पिशवीच्या तोंडातून लोंबणारी वायर. सायकलवरून जाणारा एक जण वेग कमी करून म्हणाला, "काय मावशी, रेडिओ विकायला काढला का?"

"नाही रे बाबा, अक्कल आहे आत. स्वस्तात देते, घेतोस?" वहिनी म्हणाली.

तो पुढच्या वळणापर्यंत मागे वळून बघत होता. मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. ती विनोद करत नव्हती. तिच्या तोंडातून त्या दिवशी जे काही निघत होतं ते तापलेल्या तव्यावरून निघाल्यासारखं निघत होतं.

वहिनी म्हणजे माझ्या सगळ्यात धाकट्या भावाची बायको. नात्यानं मी तिची मोठी नणंद, तिला नावानं हाक मारायला हरकत नाही. पण दुकानात येणाऱ्या रंगाऱ्यांनी तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू घरात, गल्लीत, सगळीकडे तेच नाव पडलं. पाठीमागे रंगारी तिला 'फौजदार वहिनी' म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि आवडतंही. मला ती 'ताई' म्हणते. फार चिडली की 'वन्सं' म्हणते, आणि तो शब्द असा काही चावून काढते की आपलं काय चुकलं ते न विचारता माणूस आठवू लागतो.

आमचं रंगाचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता तीन भावांचं. थोरला माल मागवतो आणि कंपन्यांशी बोलतो. मधला ठेकेदार सांभाळतो, वसुली बघतो. धाकटा, म्हणजे वहिनीचा नवरा, डबे गाडीत भरून पोचवतो. धाकटा स्वभावानं देवमाणूस, पण पक्का होयबा. थोरला बोलला की हो, मधला बोलला की हो. वहिनी म्हणते, "मला बघायला आले होते तेव्हा वडील सांगतील तिथं मान डोलावत होते. मला वाटलं, लाजतायत. लग्नानंतर कळलं, ती मान तशीच बसवलेली आहे."

थोरला आणि मधला एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून बिनसलं ते आता त्या दोघांनाही नीट सांगता येणार नाही. एकाच काउंटरच्या दोन टोकांना उभे राहतात आणि निरोप वहिनीकडून जातो. "त्याला सांग, पांढऱ्याचे डबे संपलेत." "त्याला म्हणावं, मला डोळे आहेत." मधे उभी वहिनी. एकदा ती कंटाळून म्हणाली होती, "दोघांनाही ऐकू येतंय, मी कशाला मधे भोंगा?" तर दोघंही एकदमच तिच्यावर ओरडले. तेवढ्यापुरते ते भाऊ झाले.

काउंटर तिच्याकडे आला त्याचीही गोष्ट अशीच. पूर्वी तयार रंगाचे डबे विकायचे, एवढंच काम होतं. मग रंग मिसळायचं यंत्र आलं. गिऱ्हाईक शेड दाखवणार, कॉम्प्युटरवर तिचा नंबर घालायचा, की यंत्राच्या नळ्यांतून पांढऱ्या रंगात थेंब थेंब रंग पडणार, वरून झाकण ठोकून डबा हलवणाऱ्या यंत्रात घालायचा, झालं. ऐकायला सोपं. पण एक आकडा चुकला की आख्खा डबा वाया, आणि तो परत घेत नाही कुणी. थोरल्याला वाटलं, बिघडलं तर माझ्या नावावर येईल. मधल्यालाही तेच वाटलं. दोघांनी धाकट्याला सांगितलं, "तुझ्या बायकोला बसव, तिला काय काम असतं." धाकट्यानं मान डोलावली.

ती बसली आणि बघता बघता शिकली. कुणी आलं आणि "आकाशी द्या" म्हणालं की विचारणार, "कुठलं आकाश? पावसाआधीचं की नंतरचं?" मोतिया आणि पिस्ता यांच्या मधे किती रंग असतात ते तिच्याकडून ऐकावं. कुणी रंगारी "शेड चुकली" म्हणून भांडायला आला, की ही डब्यात बोट बुडवून झाकणावर ठिपका ओढणार, ड्रॉवरमधून केस वाळवायचं यंत्र काढून तो वाळवणार आणि त्याच्या नाकासमोर धरणार. "ओला रंग बघून भांडायला येतोस? वाळल्यावर बघ. आता बोल." तो काय बोलणार? ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो हे त्यालाही माहीत असतं, पण फौजदारासमोर सुचत नाही.

अशा बाईला, गेलं वर्षभर, दोन्ही भाऊ एकच शब्द लावत होते. ढिली.

झालं असं की तिचा कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ घ्यायला लागला. वेळ म्हणजे किती, तर सकाळी बटण दाबून समोरच्या टपरीवरून चहा मागवावा, तो यावा, प्यावा, ग्लास परत जावा, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतंय. चित्र आलं तरी बाण हलत नाही. बाण हलला तरी रंगाचा प्रोग्रॅम उघडत नाही. आणि रंगारी येतात ते सकाळीच, कामावर जायच्या आधी. बाहेर शिड्या, बादल्या घेऊन सगळे उभे. "वहिनी, मालक घरी वाट बघतोय." "वहिनी, आज तरी होणार का?" "झोपलाय का तो आत?" हे सगळं तिनं एकटीनं ऐकायचं. कारण थोरला आणि मधला दोघंही दुकानात येतात ते गर्दी ओसरल्यावर. तोवर मशीन नीट चालायला लागलेलं असतं, बटण दाबलं की काम होतं. ते चालू होताना त्या दोघांपैकी एकानंही कधी बघितलेलं नव्हतं.

"मी बसलो की मस्त चालतंय," मधला म्हणायचा. "तिचाच हात बसत नाहीये आता. वय झालं."

थोरल्याची तर त्याहून वरची तऱ्हा. त्यानं त्याच कॉम्प्युटरवर हजेरी घालून ठेवली होती. मशीन पूर्ण उघडलं की मग तिच्या नावापुढे वेळ पडायची. शटर हीच उघडायची, दिवे हीच लावायची, झाडून ही बसायची, आणि हजेरीत ही रोज उशिरा. तिनं सांगून बघितलं. थोरला म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही." हे वाक्य त्यानं माझ्यासमोरही म्हटलं. मी त्याची थोरली बहीण, लहानपणी याचं नाक पुसलेली. तो असं बोलला तेव्हा हातातलं काहीतरी त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिनं आपल्या परीनं सगळं केलं. कुणी म्हणालं धूळ असेल, तर दुकानातला नवा कोरा ब्रश घेऊन डब्याच्या आतला पंखा साफ केला. कुणी म्हणालं पडद्यावर फोटो फार ठेवलेत, तर नातवाचा फोटोसुद्धा काढून टाकला. प्रिंटरची वायर काढून चालू करून बघितलं, ती लावून दुसरी काढून बघितलं. मी रोज सकाळी फुलं घेऊन परत जाताना दुकानात डोकावते, तर तिच्या शेजारी स्टुलावर बसून पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून दाखवायचे. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, तिचंही. एका एका शब्दाला आमचा निम्मा चहा संपायचा. एवढं कळलं की खाली उजव्या कोपऱ्यात दोन ढाली दिसतात, एक हिरवी, एक लाल. "ढाली कशाला?" वहिनी म्हणाली, "लढाई आहे का आत?" आम्ही दोघी तेव्हा हसलो होतो.

दुरुस्तीवाल्याला बोलवा म्हटलं तर थोरला म्हणाला, "बिघडलेलंच नाहीये तर दाखवायचं काय?" मधला म्हणाला, "त्याच्याकडून परवानगी आण." आणि मग त्या सोमवारी धाकटा घरी येऊन खाली मान घालून सांगतो काय, तर गुरुवारपासून काउंटरवर एक शिकलेली मुलगी बसणार आणि वहिनीनं मागच्या गोदामात डबे लावायचे. थोरल्यानंही सांगितलं, मधल्यानंही सांगितलं, वेगवेगळं.

"इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं," वहिनी मला म्हणाली, "ते म्हणजे मी."

तेव्हा तिनं बुधवारी दुपारी, रंगारी कामावर आणि दोघं भाऊ घरी जेवून झोपलेले असताना कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि डबा पिशवीत घातला. दुरुस्तीचं दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भर उन्हात चालत, आख्ख्या गल्लीसमोरून. "जायचं असेल तर जाईन गोदामात," म्हणाली. "पण ढिली म्हणून नाही जाणार."

दुरुस्तीवाला आमच्याच वयाचा निघाला. चष्मा कपाळावर चढवलेला, तोंडात सुपारी, आणि हातातलं काम सोडायची इच्छा नसलेला. "ठेवून जा, परवा बघतो."

"परवा मी गोदामात असेन," वहिनी म्हणाली. "आत्ता बघा."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात जोडले. त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि डबा आपल्या पडद्याला जोडला.

चालू होईपर्यंत तोही थांबला. पहिल्यांदा टेबलावर बोटं वाजवली. मग मान वाकडी केली. मग म्हणाला, "हे रोजचं आहे?"

"रोजचं."

"आणि तुम्ही अजून हे फोडलं नाहीत?"

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूनं बोललं होतं. वहिनीचे डोळे एकदम भरले, आणि भरले म्हणून ती आणखी चिडली. "तुमचं काम करा," म्हणाली.

त्यानं बराच वेळ काय काय उघडून बघितलं. मग खुर्ची आमच्याकडे वळवली. "मशीन धडधाकट आहे. यात राखणीचे प्रोग्रॅम दोन टाकलेत. एकच टाकायचा असतो. मशीन चालू झालं की हे दोघं दारात उभे राहतात आणि प्रत्येक फाइल तपासतात. हिरवा तपासतो, मग लाल तेच पुन्हा तपासतो. वर एकमेकांवर संशय. हिरव्याला लाल चोर वाटतो, लालला हिरवा. एकमेकांची झडती घेतात. ती संपल्याशिवाय बाकी कुणी आत जायचं नाही. कुणी टाकले हे?"

"मी नाही," वहिनी म्हणाली.

"बघू." तो हिरव्यात शिरला. "हा एका फोन नंबरावर घेतलाय." त्यानं नंबर वाचला. तो थोरल्याचा होता. लालचा वाचला. तो मधल्याचा. "दोन्ही मागच्या वर्षी, एकामागोमाग एक रविवारी टाकलेत. आणि नुसती राखण नाही. कुणी काय उघडलं, कुठली बिलं बघितली, सगळं टिपून त्या त्या फोनवर पाठवतात."

मला कळायला थोडा वेळ लागला. वहिनीला लगेच कळलं. रविवारी दुकान बंद असतं. थोरला येऊन मधल्यावर पहारा बसवून गेला. मधला येऊन थोरल्यावर. आणि दोघांचा पहारा रोज सकाळी बसला होता तो या बाईच्या डोक्यावर.

"काढून टाका," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. तिचा आवाज वर असतो तेव्हा मला भीती वाटत नाही.

"कुठला काढू?"

तिनं कोपऱ्यातल्या हिरव्या ढालीवर बोट टेकवलं, मग लालवर.

"एक काढला तरी पुरे. हिरवा किंवा लाल. पण दोघांनाही पासवर्ड आहे. ज्यानं टाकला त्यानं सांगायला पाहिजे."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर सगळं पुसून नव्यानं भरतो. दोन तासांत मशीन पळायला लागेल. पण आतलं जाईल, पासवर्डाशिवाय हे दोघं काही बाहेर काढू देत नाहीत. ह्या काय, शेडी साठवल्यात वाटतं?"

त्या शेडी तिच्या होत्या. कुणाच्या बैठकीची कुठली भिंत, कुणाच्या जुन्या दाराला जुळणारा विटकरी, दवाखान्याच्या जिन्याचा शेवाळी. कंपनीच्या कार्डावर नसलेले, तिनं थेंब थेंब कमी-जास्त करून, वाळवून, पुन्हा करून जमवलेले रंग. लोक तिच्याकडे येतात ते त्यासाठी. तिनं पडद्यावर हात ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि लगेच काढून घेतला. "पुसायचं नाही," म्हणाली.

त्यानं पैसे घेतले नाहीत. "काही केलंच नाही तर घेऊ कसले," म्हणाला. निघताना मला हळूच विचारलं, "भाऊ-भाऊ आहेत का हो?" मी मान हलवली. त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि आपल्या कामाला लागला.

परत येताना वहिनी पुलापर्यंत हातसुद्धा न बदलता चालली. पिशवी तीच, डबा तोच, पण मला जाताना होतं त्याहून जड लागत होतं. मनातल्या मनात मी नाम घेत होते. माझी ती सवय आहे, पाऊल पडलं की नाम पडतं. पण त्या दिवशी नामात मन लागेना. थोरल्याचं तोंड समोर यायचं. यंत्र खोटं बोलत नाही म्हणे. स्वतः त्यात खोटं भरून ठेवायचं आणि वर हे!

पुलावर तिनं पिशवी खाली ठेवली. या वेळी सांगून ठेवली.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर मी स्वतःलाच म्हणत होते, खरंच हात बसत नसेल. वय झालं असेल. रात्री अंथरुणात बोटं हलवून बघायची मी. कळतंय का, वन्सं?"

'वन्सं' आलं तेव्हा मी समजले. "माझ्यावर का चिडतेस गं?"

"मग कुणावर चिडू? थोरल्यांना सांगितलं, तर म्हणणार, बघ, मधल्यानं माझ्यावर पाळत ठेवली, तू साक्षीदार. मधल्यांना सांगितलं, तर तेच उलट. मी कुणाकडेही गेले तरी दुसऱ्याची चुगलखोर होणार. आणि ह्यांना सांगितलं तर..." ती थांबली आणि मान डोलावून दाखवली, अगदी धाकट्यासारखी. इतकी हुबेहूब की मला हसू फुटलं, आणि मग तिलाही. पण तिचं हसू अर्ध्यातच मोडलं.

"हे बघ," मी म्हटलं, "देवावर सोड. तो बघतोय ना सगळं."

"त्याच्याकडे पासवर्ड आहे का?"

मला राग आला नाही. देवालाही आला नसेल.

"बरं, मग मी बोलते," मी म्हटलं. "आज संध्याकाळी थोरल्याकडे जाते, त्याला बाजूला घेऊन समजावते. मग मधल्याकडे. आपल्या पद्धतीनं, गोडीगुलाबीनं."

खालून नदीचा गार वारा येत होता आणि तिच्या कपाळावर घाम होता.

"बाजूला घेऊन," ती म्हणाली. "ताई, इतकी वर्षं याच घरात हेच चाललंय. एकाला या बाजूला घ्यायचं, दुसऱ्याला त्या बाजूला. त्यांच्या मधल्या जागेत मी. आता तुम्हीही तिथंच येऊन उभ्या राहणार?"

"मग काय करू म्हणतेस?"

ती कठड्याला टेकून खाली बसली, डब्याच्या शेजारी, आणि गुडघ्यावर हात ठेवून एकेक शब्द मोजून बोलायला लागली. फौजदार बोलते तसं नाही. गिऱ्हाइकाला शेड समजावून सांगताना बोलते तसं.

"आत्ता जाऊन मी हे सगळं जागच्या जागी जोडते. कुणाला काही बोलणार नाही. उद्या सकाळी ते दोघं येणारच आहेत, त्या मुलीला बसवायला. कुणी आधी, कुणी नंतर, एकमेकांना टाळत येतील. तुम्ही त्यांच्या आधी या. ते तुमच्या शब्दाबाहेर जात नाहीत, तुम्ही त्यांचं नाक पुसलंय. त्या दोघांना माझ्या खुर्चीच्या मागे उभं करा, शेजारी शेजारी. बसायला स्टूल देऊ नका. बाहेर रंगारी ओरडतील, ओरडू दे. मग मी बटण दाबते. तुम्ही काही समजावू नका, देवाचं नाव काढू नका, चहा मागवू नका. फक्त दारात उभ्या राहा, आणि ते गोल फिरायचं थांबेपर्यंत दोघांपैकी एकालाही बाहेर जाऊ देऊ नका. एवढं कराल का माझ्यासाठी?"